घराच्या पोटाखालचा चर

त्या शनिवारी पावसाचा अंदाज नव्हता, म्हणून आदल्या संध्याकाळी चर तसाच उघडा ठेवून मी बाहेर आले होते. 40 फुटांपैकी 31 फूट खणून झाला होता. शनिवारी दुपारी अडीचच्या सुमाराला आभाळ भरून आलं आणि पाच मिनिटांत धो धो कोसळायला लागलं. मी तेव्हा घराखाली पालथी पडून माती उकरत होते. डोक्याला दिवा, हातात आखूड दांड्याची कुदळ, आणि पाठीच्या वर वीतभर अंतरावर एसीचा मोठा पाइप.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात, रालीजवळ राहतो. इथल्या कितीतरी घरांना आपल्यासारखं भरीव जोतं नसतं. कडेने काँक्रीटच्या पोकळ ब्लॉकची भिंत, मध्ये खांब, त्यावर तुळया आणि वासे, आणि जमीन व घर यांच्यात दोन-तीन फुटांची मोकळी जागा. तिथे रांगतच जावं लागतं, म्हणून नावही क्रॉल स्पेस. वर्षानुवर्षं कुणी आत डोकावत नाही. वरच्या फळ्या बोलायला लागल्या की मग जाग येते.

आमच्या दिवाणखान्यातल्या ओकच्या फळ्यांच्या कडा दुसऱ्या उन्हाळ्यात उचलल्या गेल्या. सकाळी दार उघडलं की कुबट वास यायचा. घरातली उबदार हवा वर जाते आणि तिच्या जागी खालची हवा फटींतून आत ओढली जाते, त्यामुळे पोटाखाली जे असतं तेच आपण थोडंथोडं श्वासात घेत असतो. हे कळल्यावर मला स्वस्थ बसवेना. वाशात ओलावा मोजायचं यंत्र टोचून पाहिलं तर आकडा 24. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या वर रेंगाळला की बुरशीची सोय झालीच समजायची.

एका कंत्राटदाराने येऊन 14,000 डॉलर सांगितले. तो बराच वेळ खाली होता, फोटो काढले, नम्रपणे बोलला. पण त्याने घराभोवती एक चक्कर मारली नाही, आणि तेच मला खटकलं. माझं नोकरीतलं काम पावसाच्या पाण्याचंच आहे. नव्या वसाहतींचं पाणी कुठून कुठे न्यायचं, पाइप किती व्यासाचा, उतार किती, हे मी 14 वर्षं संगणकावर आखते आहे. आत आलेलं पाणी बाहेर काढण्याआधी ते आत का येतंय ते पाहायचं, ही त्या कामातली पहिली पायरी.

म्हणून आधी छत्री घेऊन पावसात उभी राहिले. 1,000 चौरस फूट छपरावर एक इंच पाऊस पडला की सुमारे 2,360 लिटर पाणी होतं. आमच्या उत्तरेच्या कोपऱ्यातला पन्हळीचा उभा पाइप जवळजवळ निम्म्या छपराचं पाणी भिंतीपासून दीड फुटावर ओतत होता. तिथला फुलझाडांचा वाफाही घराकडेच उतरता. देवरुखच्या आमच्या घराला पागोळ्यांच्या रेषेत जांभ्याची पन्हळ बांधलेली आहे आणि ती थेट वहाळाला मिळते. रत्नागिरी जिल्ह्यात 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत, म्हणून तिथे घर बांधतानाच पाण्याची वाट ठरते. रालीत वर्षाला साधारण साडेअकराशे मिलिमीटर, पण तो बाराही महिने थोडाथोडा, आणि खाली पीडमाँटची, म्हणजे इथल्या पठारी पट्ट्याची, लाल चिकणमाती. ती एकदा भिजली की पाणी सोडतच नाही.

पन्हळीचे पाइप 10 फूट लांब नेले. पहिल्या 10 फुटांत 6 इंच उतार बसेल अशी माती ओढली. सहा आठवडे वाट पाहिली. दक्षिणेकडची डबकी गेली, उत्तरेची राहिली. तेव्हा कुठे आत चर खणायचं ठरवलं. बाहेर पाणी सोडण्यासाठीही खणावं लागणार होतं, म्हणून आधी 811 ला फोन केला. जमिनीखालच्या गॅस, वीज, पाण्याच्या लाइनी ते फुकट रंगाने आखून देतात. अमेरिकेत अंगणात फावडं मारायच्या आधी हा फोन करायचाच.

चराचा एक नियम मी मुलाला घोकून घ्यायला लावला होता: भिंतीच्या पायाच्या तळाखाली एक इंचही खणायचं नाही. पायाखालची माती सैल झाली तर पाणी परवडलं म्हणायची वेळ येते. म्हणून चर पायाच्या कडेने, सुरुवातीला उथळ, शेवटी खोल, पण शेवटीसुद्धा त्याचा तळ पायाच्या तळाच्या वर. चरातलं पाणी ज्यात गोळा होऊन बाहेर फेकलं जाणार, तो पंपाचा खड्डा त्याहून खोल लागतो, म्हणून तो भिंतीपासून 3 फूट आत घेतला. उतार शंभराला एक, म्हणजे 40 फुटांत जेमतेम 5 इंच. एवढ्या अडचणीत तो साधायचा कसा, हे बाबांना फोनवर सांगत होते.

"अगं, लेव्हलच्या नळीला काय झालं?" बाबा म्हणाले. "आपल्या गवंड्याने अख्खं घर त्या नळीवर उभं केलं."

पारदर्शक नळी, तिच्यात पाणी, दोन्ही टोकांना पाण्याची पातळी एकच. मी आणि मुलगा दोन टोकांना पडून भिंतीवर खुणा करत गेलो. लेसरची किरणं खांबांना आणि पाइपांना अडत होती, नळी मात्र सगळ्यांना वळसा घालून गेली.

खणणं म्हणजे पडल्या पडल्या माती तोडायची, बादलीत भरायची, दोरीने दाराशी ओढायची. शंभरच्या वर बादल्या निघाल्या. हात आत घालण्याआधी प्रत्येक कोपऱ्यात दिव्याचा झोत टाकायचा, कारण इथे कॉपरहेड नावाचा विषारी साप वरचेवर दिसतो. आम्हाला भेटले ते लांब पायांचे, अंगावर उडी मारणारे गुहेतले किडे.

तर तो शनिवार. "आई, बाहेर ये!" मुलगा दारातून ओरडत होता. पाणी हळूहळू येत होतं, दिवा बॅटरीचा होता, कुठे वीज नव्हती. मी म्हटलं, थांब, मला पाहू दे. दोन महिने जे कळत नव्हतं ते आता समोर घडणार होतं.

माझी समजूत होती की पाणी जमिनीतून वर येतंय. पण चराचा तळ नुसता ओला होता. पाण्याचे बारीक धागे येत होते ते भिंतीतून, जिथे सगळ्यात खालचा ब्लॉक पायावर टेकतो त्या सांध्यातून. भिंत वर पूर्ण कोरडी. मी हातोडीच्या दांड्याने ब्लॉक ठोकत गेले. वरच्या थरांचा आवाज पोकळ, खालच्या दोन थरांचा भरलेल्या माठासारखा बद्द. आणि पांढऱ्या क्षाराची रेघ नेमकी दुसऱ्या थरापर्यंत होती. ती रेघ मी पहिल्या दिवसापासून बघत होते. भिंत आतून पाण्याने भरलेली होती.

मुलाकडून बॅटरीचा ड्रिल मागून घेतला. खालच्या ब्लॉकला, पायाला लागून, अर्ध्या इंचाचं भोक पाडलं. टोक पोकळीत घुसलं आणि पाण्याची धार हातभर लांब उडाली, थेट चष्म्यावर. गार, सिमेंटच्या वाळूचं पाणी. मी बाजूला सरकून बघत राहिले. वीसेक मिनिटं ती धार चालली, मग करंगळीएवढी झाली, मग थेंब. एका ब्लॉकला दोन पोकळ्या असतात, म्हणून पुढच्या पोकळीला वेगळं भोक. त्या दुपारी नऊ पाडली. नंतर पूर्ण भिंतीला मिळून 60 झाली.

पावसाने आणखी एक काम केलं. चरातलं पाणी वाहून गेलं तरी 19 व्या फुटाशी एक डबकं उरलं. खुणा बरोबर होत्या, पण तळ तिथे पाऊण इंच जास्त खोल गेला होता. कोरड्यात ते मला दिसलं नसतं आणि पाइप त्या पोटासकट गाडला गेला असता.

पुढचं काम कष्टाचं, पण सरळ. चरात जाड कापड अंथरायचं, म्हणजे चिकणमाती आत शिरून खडी बुजवत नाही. त्यावर धुतलेली खडी, मग 4 इंची भोकांचा पाइप, पुन्हा खडी. भोकं खाली ठेवायची. बाबांनाही हे उलटं वाटलं, पण पाणी चरात खालून चढत येतं, आणि भोकं खाली असली की ते लवकर पाइपात शिरतं. भिंतीच्या बाजूला खडी पायाच्या माथ्यापर्यंत आणली, म्हणजे 60 भोकांचं पाणी पायावरून थेट तिच्यात उतरतं. याला इथे फ्रेंच ड्रेन म्हणतात. फ्रान्सचा संबंध नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या हेन्री फ्रेंच नावाच्या माणसाने 1859 मध्ये शेतातल्या निचऱ्यावर पुस्तक लिहिलं, त्याचं हे आडनाव.

पंप पहिल्यांदा लावला तेव्हा नुसता घुमला, पाणी उचलेना. परतीचं पाणी अडवणाऱ्या व्हॉल्व्हखाली हवा कोंडली होती. पाइपला व्हॉल्व्हच्या खाली एक बारीक भोक पाडल्यावर हवा सुटली आणि पंप चालू लागला. विजेची जोडणी मात्र परवानाधारक माणसाकडूनच करून घेतली.

शेवटी जमिनीवर प्लास्टिक अंथरलं आणि भिंतीतल्या हवेच्या जाळ्या बंद केल्या. शेजाऱ्यांना हे पटेना, कारण हवा खेळती राहिली की ओल जाते असा सगळ्यांचा समज. पण इथल्या जुलैची दमट हवा आतल्या गार लाकडाला लागली की तिथेच पाणी सुटतं, गार तांब्याला बाहेरून सुटतं तसं. रालीतल्याच अॅडव्हान्स्ड एनर्जी या संस्थेने प्रिन्सव्हिल गावातल्या 12 घरांवर याचा अभ्यास केला होता. बंद केलेल्या जागा उघड्या जागांपेक्षा कोरड्या राहिल्या आणि त्या घरांत वीजही कमी लागली.

उत्तरेकडच्या तिसऱ्या वाशावर मी पेन्सिलीने तारखा आणि आकडे लिहीत गेले. 24. 22. 19. मध्ये एका वादळानंतर पुन्हा 20, तेव्हा रात्री झोप लागली नाही. मग 17. फेब्रुवारीतला 14 मुलाने लिहिलाय, मी दिवा धरला होता.