खिशातलं विरजण

डिसेंबर संपत आला की कोणाला तीळगुळाचे वेध लागतात, मला मक्याच्या पिठाचा वास आठवतो. मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट आणि आगर एकत्र शिजायला लागलं की जो वास सुटतो, तो धड खिरीचा नाही आणि धड आंबिलीचाही नाही. आमच्या कॉलेजातले मामा ते पातेलं घोटता घोटता म्हणायचे, "मॅडम, जावयाचंसुद्धा एवढं कोणी करत नाही."

हे सगळं चिलटांसाठी. पिकल्या केळ्यावर घिरट्या घालतात तीच ही. शास्त्रातलं नाव ड्रॉसोफिला, पुस्तकातलं मराठी नाव फळमाशी. या मराठी नावाने एकदा चांगलीच पंचाईत केली होती. एसटीत शेजारी बसलेल्या आंबेवाल्या काकांना मी मोठ्या अभिमानाने सांगितलं की मी फळमाशीवर काम करते. त्यांनी लगेच विचारलं, "मग औषध कुठलं मारू?" त्यांची फळमाशी वेगळी, आंब्यात अळ्या करणारी. माझी गरीब बिचारी कोणाचं काही नासवत नाही, हे समजावेपर्यंत स्वारगेट आलं.

मी निघाले होते आमच्या मेळाव्याला. दर हिवाळ्यात दोन दिवस आम्ही माशीवाले जमायचो. मंडळाला नाव नव्हतं, पावतीपुस्तक नव्हतं, अध्यक्ष तर नव्हताच. एक वर्ष पुण्यातली एखादी प्रयोगशाळा, पुढच्या वर्षी मुंबई, आणि एकदा साताऱ्याजवळचं आमचं छोटं कॉलेज. त्या वर्षी मामांनी माश्यांचं आणि माणसांचं जेवण शेजारशेजारच्या शेगड्यांवर शिजवलं. कुठलं पातेलं कोणाचं, यावर दोन दिवस विनोद चालले.

तिथली भाषणं मला फारशी आठवत नाहीत. प्रोजेक्टर तापायचा, दुपारी निम्मे लोक डुलक्या घ्यायचे. मध्येच एखादी विद्यार्थिनी घड्याळ बघून धावत सुटायची, कारण कोशातून निघालेली मादी पंचवीस अंशांना आठेक तासांत वयात येते. त्याआधी तिला वेगळं काढलं नाही, तर पुढच्या संकराचा भरवसा नाही. "कुमारिका गोळा करायच्यात" असं म्हणत ती पळायची आणि नवीन आलेल्या क्लार्कचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

खरा मेळावा चहाच्या वेळी. शर्टाच्या खिशातून, पर्समधून, एकदा तर जेवणाच्या डब्यातून कुप्या बाहेर यायच्या. कापसाचं बूच, तळाशी दोन बोटं खाणं आणि आत वीस-पंचवीस माश्या. "तुझ्याकडे कुरळ्या पंखांची आहे का?" "आहे, पण मला तुझी शेकर दे." शेकर म्हणजे जनुकात बिघाड असलेलं माशीचं एक वाण. ईथरने गुंगवल्यावर तिचे पाय थरथरतात. आमची मुलं तिला लेझीमवाली म्हणायची.

शेजारणीकडे विरजण मागावं, तितकं ते सहज होतं. विरजणाचे पैसे कोणी घेत नाही, आणि दिल्याने ते संपतही नाही. हे आमचं गावंढळ औदार्य नव्हे बरं का, या विषयाची रीतच तशी. न्यूयॉर्कला जनुकशास्त्रज्ञ मॉर्गनच्या खोलीत 1910 साली पांढऱ्या डोळ्यांची माशी सापडली, तेव्हापासून ही मंडळी एकमेकांना बाटल्या पाठवत आली आहेत. 1934 पासून तर कोणाकडे कुठलं वाण आहे याच्या याद्या छापून वाटल्या जायच्या. पेटंटच्या जमान्यात हे ऐकून एका वाणिज्य शाखेच्या सहकाऱ्याने मला विचारलं होतं, "मग यात तुमचा फायदा काय?"

मुंबईहून येणारे एक सर दरवर्षी एकच खेळ करून दाखवायचे. कोमट पाण्याच्या पेल्यात कुपी बुडवायची. एकोणतीस अंशांच्या आसपास आतल्या माश्या लुळ्या होऊन पटापट खाली पडत. कुपी बाहेर काढून निववली की उठून चालायला लागत. मज्जातंतूत सोडियम आत घेणारं जे दार असतं, त्याच्या जनुकातला हा बिघाड. या वाणाचं नाव 'पॅरा'. जीवशास्त्रज्ञ ओबैद सिद्दीकींनी कॅलिफोर्नियात तिथले संशोधक सीमोर बेन्झर यांच्याबरोबर अशाच लुळ्या माश्यांवर काम केलं होतं, हे सर सांगायचे. 1962 साली भाभांनी सिद्दीकींना कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत आणलं ते जिवाणूंवर काम करायला, पण पुढे त्यांनी माश्या धरल्या. मग केनियात जन्मलेली, मूळ गोव्याच्या घरातली व्हेरोनिका रॉड्रिग्ज डब्लिनहून शिकून कुलाब्याला आली आणि दोघांनी मिळून चव न कळणाऱ्या माश्या शोधल्या. महाबळेश्वरच्या थंडीत सिद्दीकींनी भरवलेल्या जीवशास्त्राच्या बैठकांबद्दल सर बोलायला लागले की चहा गार व्हायचा. गोष्ट पाठ झाली होती, तरी कोणी उठत नसे.

मी ती पॅरा त्यांच्याकडून मागून आणली. पुढच्या वर्षी पुण्याला दिली, त्यानंतर कोलकात्याहून आलेल्या एका मुलीला. लेबलवर उगम लिहायची पद्धत असते, म्हणून मी चिठ्ठीवर 'सातारा' लिहिलं होतं.

मग 2007 चा उन्हाळा आला. लोडशेडिंग आठ-आठ तास, आणि बाहेर चाळीस अंश. आमचा इन्क्युबेटर म्हणजे बंद कपाट होऊन बसला. काही बिनसलं की कुठे माशी शिंकली म्हणतात, इथे तर माश्याच मेल्या. सगळी कपाटं रिकामी. त्या हिवाळ्यात मेळाव्याला रिकाम्या हाताने जायची लाज वाटत होती. पुण्याच्या मुलाने पिशवीतून अकरा कुप्या काढल्या आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्याच आहेत." त्यातली एक पॅरा.

पुढे मेळावा विरळ होत गेला. जो तो मोठ्या परिषदांना जाऊ लागला, आणि त्यात चूक नव्हतीच. बेंगळुरूला एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संस्थेत दुसऱ्यांसाठी माशीच्या भ्रूणात डीएनए टोचून देण्याची सोय झाली. तैपेईला 2011 मध्ये आशिया-पॅसिफिकच्या माशीवाल्यांची पहिली परिषद भरली. मग सोल, बीजिंग, ओसाका. आणि जानेवारी 2020 मध्ये पाचवी, चक्क पुण्यात, पाषाणच्या आयसर या विज्ञान संस्थेत.

मी निवृत्त झाले होते, तरी गेले. गळ्यात पट्टा, हातात पिशवी. पोस्टरांच्या गर्दीत एक मुलगी लॅपटॉपवर आपल्या वाणांची यादी कोणाला तरी दाखवत होती. मी चष्मा सावरून डोकावले. पॅरा. उगमाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'कोलकाता, त्याआधी सातारा'.

"त्यांना खायला काय घालतेस?" मी विचारलं.

"मका आणि साखर, मॅडम."

"गूळ घालून बघ," मी म्हटलं.