मुलाखत दिली, अंगठा दिला नाही

एमएच्या शेवटच्या वर्षाला डेझर्टेशन असतं, मी ऊसतोडीतल्या बायकांच्या कामाचे तास हा विषय घेतलाय. गाईड म्हणाले होते की बीडच्या गर्भाशयाच्या ऑपरेशन्सच्या बातम्या २०१९ला आल्यापासून दरवर्षी कुणी ना कुणी ऊसतोडीवर करतंच, तू नवीन काय करणार. मी म्हटलं, तास मोजणार.

लोकांना वाटतं सर्वे म्हणजे टॅब घ्यायचा, प्रश्न विचारायचे, बटणं दाबायची. खरा जीव जातो फॉर्म बांधण्यात. सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात दिवस पहाटे ४ ते दुसऱ्या पहाटे ४ असा धरलाय आणि अर्ध्या अर्ध्या तासाचे स्लॉट आहेत. मी तेच घेतलं, एका स्लॉटमध्ये दोन-तीन कामं टाकता येण्याची सोयही ठेवली, कारण भाकरी थापताना पोराला पाजणं हे एकच काम म्हणून लिहायचं तर मग कशाला मोजायचं. आणि संमतीच्या प्रश्नाला 'नाही' टाकलं की फॉर्म थेट धन्यवादच्या पानावर, मधलं काहीच उघडत नाही. हे लॉजिक मी रात्र जागून बसवलं होतं आणि मला त्याचं फार कौतुक होतं.

त्याआधी एथिक्स कमिटी, म्हणजे संशोधनात माणसांना त्रास होत नाही ना हे बघणारी समिती. दोन पानी संमतीपत्र, 'सदर संशोधनात मी स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय सहभागी होत आहे' वगैरे. कमिटीने काय सुधारणा सांगावी? फॉन्ट १२चा १४ करा. वाचता न येणाऱ्या बाईला १४चा फॉन्ट!

सांगली जिल्ह्यात वाळव्याकडच्या एका फडावर गेलो. तोडणी कामगारांची टोळी बीडमधल्या धारूरकडची. डिपार्टमेंटची जीप अकराला पोचते आणि पाचला निघते म्हणजे निघतेच, त्यामुळे ज्या बाईचा दिवस तीनला सुरू होतो तिला आम्ही भेटणार भर उन्हात, गाडी भरून गेली आणि दुसरी यायचीये तेवढ्या वेळात. बरोबरचा बॅचमेट तर जीपच्या सावलीत बसूनच फॉर्म उरकत होता, त्याचा डेटा एकदम स्वच्छ येतो, गाईड खूश.

एक मावशी बसल्या. मी संमतीपत्र मोठ्याने वाचलं, 'स्वखुशीने'पर्यंत आले आणि त्यांनी हात वर केला.

"ताई, काय इचारायचं ते इचारा. पर त्यो कागूद ठिवा तिकडं. मागं मुकादमानं बी असंच वाचून दाखविलं व्हतं, सोताच्या खुशीनं म्हून. शंभराचा स्टँप व्हता. उचल अजून फिटली न्हाई."

मुकादम म्हणजे टोळी आणणारा ठेकेदार, उचल म्हणजे त्याच्याकडून आधीच घेतलेले पैसे. मी समजावलं की यात पैशाचं काही नाही, नाव पण येणार नाही. त्या म्हणाल्या, नाव येत न्हाई तर अंगठा कशापायी? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाहीये.

नियमाप्रमाणे तिथेच उठायला हवं होतं. पण त्या बोलायलाच लागल्या, मी टॅब पिशवीत टाकला आणि वही काढली. नवरा तोडतो, त्या गोळा करतात, मोळी बांधतात, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवतात. मोळी पाचट पिळून कशी बांधायची ते करून दाखवलं, दोन पिळे, गुडघा दाबून गाठ, आणि तेवढ्यात माझ्या हाताला ओरखडे. रात्री दोनला गाडी आली तर ते काम कालचं की आजचं, असं मीच विचारलं, तर हसल्या. गाडी भरून आल्यावर झोपत नाहीत, तशाच चुलीला लागतात. माझ्या ४ ते ४मध्ये त्यांचा दिवस कुठून कापायचा?

तुमचं स्वतःचं उत्पन्न विचारलं. "माजं येगळं कसं असंल? कोयता दोघांचा." नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, उचल जोडीला मिळते आणि घेतो नवरा. २०२४च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला, तेव्हा पेपरात केवढ्या बातम्या होत्या, मावशींना आकडा माहीत नव्हता, हिशोब शेवटी मुकादम करतो तेव्हा कळतं म्हणाल्या. आजारी पडून खाडा झाला तर तो मात्र रोजच्या रोज लिहिला जातो.

परत येऊन गाईडना सांगितलं. ते म्हणाले, सही नाही म्हणजे मुलाखत नाही, वही बाजूला ठेव. मी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ची गाईडलाइन काढून दाखवली, निरक्षर व्यक्तीसाठी अंगठा आणि निष्पक्ष साक्षीदार चालतो. म्हणजे परत अंगठाच, आणि त्या टोळीत लिहिता-वाचता येणारा, कायम हजर असणारा साक्षीदार कोण, तर मुकादम. यावर ते म्हणाले, बघू.

सर्वात चिडचिड याची होते की ज्या बायकांनी मुकाट्याने अंगठे दिले त्यांचे फॉर्म वैध आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणींनी मुकादमाकडे एकदा बघून मग दिले, ते कुठल्याच कॉलममध्ये नाही. कागद बघून नको म्हणणारी एकटीच माझ्यामते खरी संमती कशाला म्हणतात ते समजून बोलत होती आणि सर्व्हरवर तिची नोंद 'संमती नाही' अशी आहे.

तोंडी संमती, फक्त आवाज रेकॉर्ड करून, असा बदल मागणारा अर्ज मी कमिटीला दिलाय. रेकॉर्डिंग कुठे ठेवणार ते लिहा म्हणून परत आला, ते लिहून पुन्हा दिलाय. पुढची मीटिंग फेब्रुवारीच्या शेवटी आहे, तोवर टोळी दुसऱ्याच फडावर गेलेली असणार.