‘घरी पडला’

रात्रपाळी होती. मशीनमधून गळलेलं कूलंट फरशीवर पसरलेलं आणि त्यातच एअरचा पाइप आडवा पडलेला. पाय अडकला, उजव्या हातावर आपटलो, मनगट मोडलं. एक्स-रे, प्लास्टर, गोळ्या सगळं ईएसआयमधून (कामगारांच्या सरकारी विमा योजनेतून) फुकट झालं. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती केस पेपरची. मी कळवळत होतो, तेव्हा सोबत आलेल्या सुपरवायझरने ‘घरी पडला’ असं सांगितलं आणि तेच लिहिलं गेलं. अपघातानंतर कामगार 48 तास कामावर येऊ शकला नाही, तर कारखाना निरीक्षकांना कळवावं लागतं. कंपनीला ते नको होतं.

त्या दोन शब्दांची किंमत ईएसआयच्या शाखा कार्यालयाच्या खिडकीवर कळली. कामावरची इजा धरली तर पगाराच्या 90 टक्के मिळतात, आजारपण धरलं तर 70. माझा रोज 600 रुपये, म्हणजे दिवसाला 120 रुपये जाणार, आणि प्लास्टर सहा आठवड्यांचं. खिडकीवर सांगायचे, ‘कंपनीकडून फॉर्म 12, म्हणजे अपघाताचा अहवाल, आलेला नाही.’ एचआरवाले सांगायचे, ‘आम्ही ऑनलाइन भरलाय, तिकडेच विचारा.’ हात गळ्यात बांधून, दोन बस बदलून मी सात खेपा घातल्या. पाचव्या खेपेला खिडकीवरच्या मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. काहीच भरलेलं नव्हतं. रागाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

लेखी अर्ज द्या, हे त्यांनीच सुचवलं. उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून अर्ज बायकोने लिहिला: तारीख, वेळ, मशीन, कसा पडलो. पाळीतल्या दोघांनी नोकरीची भीती असूनही साक्षीदार म्हणून सह्या केल्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. एक प्रत कंपनीत, एक शाखेत दिली, दोन्हीकडे पोच घेतली. आठवड्याभरात कंपनीने फॉर्म भरला. पुढे चौकशी होऊन फरकाचे पैसे खात्यात जमा झाले.

पडलात तर केस पेपरवर काय लिहिलंय ते तिथेच वाचा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या. त्याच्याही आधी कंपनीच्या अपघात वहीत नोंद करायला लावा. तुमच्या वतीने दुसऱ्या कुणी केलेली नोंदही चालते, हे मला फार उशिरा कळलं. फिटनेस सर्टिफिकेटची घाई करू नका, ते मिळालं की भत्ता थांबतो. मी घाई केली. मनगट अजून पूर्ण वळत नाही, म्हणून आता कायमचं अपंगत्व किती ते ठरवणाऱ्या मेडिकल बोर्डासाठी अर्ज केलाय. त्याचीही पोच घेतली आहे.