चौथ्या जागेवरचं 'ट्रू'

इथल्या माझ्या कामाचा मोठा भाग कोड लिहिण्यात नाही, दुसऱ्यांनी लिहिलेला कोड वाचण्यात जातो. आमची टीम लिनक्ससाठी नेटवर्क ड्रायव्हर लिहिते, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम आणि नेटवर्क कार्ड यांच्या मधला कोड. पॅच, म्हणजे कोडमधला प्रस्तावित बदल, लिहिणारा एका देशात, तपासणारी मी दुसऱ्या, आणि शेवटी तो स्वीकारणारा मेंटेनर तिसऱ्याच. माझी रात्र होते तेव्हा समोरच्याची सकाळ उजाडते. म्हणून "हा तिसरा पॅरामीटर कशाचा?" एवढ्याशा प्रश्नाचं उत्तर यायलाही अख्खा दिवस जातो. (फंक्शन म्हणजे कोडचा नाव दिलेला तुकडा, पॅरामीटर म्हणजे त्याला कंसात पुरवलेली माहिती.) त्यातून लिनक्सच्या नेटवर्किंग विभागाचा नियम असा, की पॅचची सुधारित आवृत्ती २४ तासांच्या आत पुन्हा पाठवायची नाही. नियम मला पटतो, सगळ्या टाइमझोनमधल्या लोकांना वाचायला वेळ मिळतो. पण म्हणूनच पॅच पहिल्याच वाचनात कळला पाहिजे.

रिव्ह्यू करणाऱ्याच्या हातात असतो तो डिफ. बदललेल्या ओळी आणि त्यांच्या वर-खाली तीन-तीन ओळी, बस. फंक्शनची व्याख्या बहुतेक वेळा वेगळ्याच फाइलमध्ये असते. लिहिणाऱ्याला त्याचा एडिटर प्रत्येक पॅरामीटरचं नाव शेजारी दाखवत असतो, त्यामुळे आपण लिहिलेलं स्वच्छ आहे असं त्याला मनापासून वाटतं. डिफमध्ये ती नावं उतरत नाहीत. सी भाषेत पॅरामीटर नाव देऊन पाठवायची सोयही नाही. मग माझ्यासमोर येतं ते कंसातलं 'डेव्ह, ०, १, ट्रू'. 'डेव्ह' म्हणजे डिव्हाइस एवढं कळतं, पण ०, १ आणि 'ट्रू' (हो) कशाचे, ते नाही.

हे नुसतं डोळ्यांना खुपतं म्हणून मी तक्रार करत नाही. ईथरनेटच्या केबलवरचे सिग्नल सांभाळणारी एक चिप असते, तिला फाय म्हणतात. तिच्याशी एमडीआयओ नावाच्या दोन तारांच्या बसवरून (डेटा नेणाऱ्या मार्गावरून) बोलायचं असतं. वाचताना दोन आकडे द्यावे लागतात : आधी फायचा पत्ता, मग रजिस्टरचा, म्हणजे चिपमधल्या छोट्या नोंदकप्प्याचा, क्रमांक. जुन्या, क्लॉज २२ पद्धतीत दोन्ही पाच-पाच बिटांचे, म्हणजे दोन्ही ० ते ३१ मधले. आता 'बस, १, ०' ऐवजी कुणी 'बस, ०, १' लिहिलं तर? कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरला दोन्ही नुसते पूर्णांक, तो गप्प बसतो. त्या पत्त्यावर चिपच नसेल तर बहुधा सोळाही बिट १ वाचले जातात आणि चूक निदान उघडी पडते. पण काही फाय ० हा पत्ता सगळ्यांसाठीचा मानून त्यालाही उत्तर देतात. अशा वेळी नियंत्रणाच्या रजिस्टरऐवजी स्थितीचं रजिस्टर वाचलं जातं, हाती आलेला आकडा अगदी खरा वाटतो आणि लिंक का लागत नाही हे शोधण्यात माणसं बेजार होतात. त्या जागी आकड्याऐवजी 'एमआयआय_बीएमसीआर' हे नियंत्रणाच्या रजिस्टरचं नाव असतं, तर उलटापालट डिफ वाचतानाच नजरेत आली असती.

त्याहून चांगला उपाय कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, आहे. 'फाय_रीड' हे फंक्शन पत्ता मागतच नाही. तो फायच्या स्ट्रक्चरमध्ये, म्हणजे तिच्या माहितीच्या संचात, आधीच नोंदलेला असतो. जो पॅरामीटर द्यावाच लागत नाही, तो चुकीच्या जागी पडूही शकत नाही. २०२२ मध्ये 'नेटइफ_नापी_अ‍ॅड' या फंक्शनचं असंच झालं. त्याचा शेवटचा पॅरामीटर म्हणून जवळजवळ सगळे ड्रायव्हर ६४ हाच आकडा देत होते. तो पॅरामीटरच काढून टाकला, आणि ज्यांना खरोखर वेगळा आकडा हवा त्यांच्यासाठी निराळं फंक्शन ठेवलं. हा बदल मला फार आवडतो. आता वेगळा आकडा दिसला की तो मुद्दाम दिलाय हे लगेच कळतं.

'ट्रू' आणि 'फॉल्स'बद्दल माझं मत ठाम आहे. लिंक लागली किंवा तुटली हे सांगायला कर्नलने 'कॅरियर_सेट(डेव्ह, ट्रू)' असलं काही केलेलं नाही. 'नेटइफ_कॅरियर_ऑन' आणि 'नेटइफ_कॅरियर_ऑफ' अशी दोन फंक्शनं आहेत. नवीन ड्रायव्हरमध्ये एकाच फंक्शनला तीन-तीन बूलियन (ट्रू किंवा फॉल्स) दिसले की मी फंक्शनं वेगळी करायला सांगते, नाहीतर नावं असलेले फ्लॅग (पर्याय दाखवणाऱ्या खुणा) मागते. डीएमएची, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरी आणि डिव्हाइसमध्ये होणाऱ्या डेटाच्या देवाणघेवाणीची, दिशा पाहा : 'डीएमए_टू_डिव्हाइस' वाचलं की डेटा कुठून कुठे चाललाय हे विचारावं लागत नाही. वेळेच्या पॅरामीटरला एकक हवंच. रजिस्टरची वाट पाहणाऱ्या 'रीड_पोल_टाइमआउट'मध्ये पॅरामीटरच्या नावांच्या शेवटी 'यूएस' आहे, म्हणजे मायक्रोसेकंद. पण कॉल करताना तिथे नुसतं १००० लिहिलं तर ती मेहनत वाया जाते.

काही सहकारी म्हणतात, कॉलमध्येच टिपण्णी टाकू, 'ट्रू'च्या आधी '/* रीसेट= */'. तात्पुरतं चालतं. पण पॅरामीटरचं नाव बदललं तरी टिपण्णी जुनीच राहते, आणि खोटी टिपण्णी कोऱ्या जागेपेक्षा जास्त घातक. क्लँग-टायडी या कोड तपासणाऱ्या साधनात हे ताडून पाहणारी तपासणी आहे, ती चालवत असाल तरच मी याला हो म्हणेन.

हे सगळं मी पहिल्याच रिव्ह्यूत मागते, कारण नंतर दार जवळजवळ बंद होतं. बग दुरुस्त करणारा पॅच लहान ठेवावा लागतो, तो जुन्या स्थिर आवृत्त्यांमध्येही जायचा असतो. त्यात नावं बदलण्याचं काम घुसडता येत नाही. आणि दुसऱ्या कुठल्या कामाचा भाग नसलेले, केवळ साफसफाईचे पॅच नेटवर्किंगचे मेंटेनर सहसा नको म्हणतात. आज 'डेव्ह, ०, १, ट्रू' आत गेलं, तर पुढची अनेक वर्षं ते तसंच वाचावं लागतं, आणि वाचणाऱ्यांमध्ये आज टीममध्ये नसलेली माणसंही असतात.