सहीची तारीख

अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये, एका इमिग्रेशन वकिलांकडे मी पॅरालीगल, म्हणजे वकिलांची मदतनीस, आहे. लोकांना वाटतं आम्ही फॉर्म भरतो. खरं काम तारखा ताडून पाहण्याचं.

जानेवारीत काका-काकू आले ते लेकीच्या लग्नाचे पेढे घेऊनच. लग्न डिसेंबरात, पुण्यात झालेलं. मुलीच्या फाइलवर ‘विवाहित’ अशी नोंद करायची, एवढंच काम होतं.

काकांना त्यांच्या बहिणीने स्पॉन्सर केलं होतं. भावंडांच्या वर्गातून नंबर लागेतो २०१८ उजाडलं आणि मुलगी पंचविशीला आली. पिटिशन, म्हणजे नातेवाइकाने टाकलेला अर्ज, मंजूर व्हायला लागलेला काळ वयातून वजा करता येतो, २००२ च्या कायद्याने. तो वजा करूनही ती एकविशीच्या आत बसेना. आईवडील आले, ती मागे राहिली. ग्रीन कार्ड मिळताच काकांनी तिच्यासाठी एफटूबी टाकलं. हा ग्रीन कार्डवाल्यांच्या एकवीसवरच्या अविवाहित मुलांचा वर्ग. त्यात लग्न केलं की पिटिशन तिथल्या तिथे संपतं. सिटिझनच्या विवाहित मुलांसाठी एफथ्री आहे. ग्रीन कार्डवाल्याच्या विवाहित मुलांसाठी कायद्यात जागाच नाही. म्हणून बापाने आधी सिटिझनशिपची शपथ घ्यायची, लग्न त्यानंतर. मग जुनी प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली जागा ठरवणारी अर्जाची तारीख, एफथ्रीत शाबूत राहते. काकांना हे पाठ होतं. शपथ २३ ऑगस्ट २०२४, लग्न डिसेंबरात. चोख.

मी मॅरेज सर्टिफिकेट उघडलं. तारीख १२ जुलै.

“ते रजिस्टर हो,” काकू म्हणाल्या. “जावयाची जर्मनीला बदली होणार होती, व्हिसाला कागद हवा होता. लग्न डिसेंबरातच झालं.” (ती बदली पुढे रद्दच झाली.)

मी आधी कायद्याचं नाव शोधलं. हिंदू विवाह कायद्याखाली नोंदणी असती, तर विधी कधी झाला हा प्रश्न उरला असता, बोलायला काहीतरी जागा होती. इथे विशेष विवाह कायदा होता. तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, विवाह अधिकाऱ्यासमोर सह्या. तेच लग्न. कार्यालय, अंतरपाट, पंगती हे कायद्याच्या लेखी नंतरचं.

“पण जूनमध्ये मी सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू पास झालो होतो ना, ताई? ऑफिसरने अभिनंदनसुद्धा केलं.” हे त्यांना देवळातल्या कुणीतरी सांगितलेलं: इंटरव्ह्यू पास म्हणजे सिटिझन. आमच्याकडे आरतीला येणारा दर दुसरा माणूस व्हिसा बुलेटिन, म्हणजे कुठल्या वर्गाचा नंबर कुठवर आला ते सांगणारं सरकारी पत्रक, कोळून प्यायलेला असतो. माणूस सिटिझन होतो तो शपथ घेतल्यावरच, तोवर ग्रीन कार्डवालाच. अवघ्या सहा आठवड्यांच्या फरकाने पिटिशन हातचं गेलं होतं, आणि कुणाचं पत्रही आलं नव्हतं. ते आपोआप रद्द होतं, कळवायला कुणी बसलेलं नसतं. याचा मला आजही राग येतो.

मग काका हळूच म्हणाले, “डिसेंबरची पत्रिकाच लावू. देवाब्राह्मणांसमोर झालं ते खरं.” मी मुलीच्या नव्या पासपोर्टचं शेवटचं पान त्यांच्यापुढे धरलं. तिथे पतीचं नाव होतं, आणि पासपोर्ट निघाला होता ६ ऑगस्टला. तो नसता तरी मी पत्रिका लावली नसती. खोटं सांगितलं असं ठरलं तर तिला अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं.

काकूंनी विचारलं, “आणि घटस्फोट घेऊन पुन्हा केलं तर?” हा प्रश्न दरवेळी कुणीतरी विचारतंच, हसू येत नाही. मेलेलं पिटिशन घटस्फोटाने उठत नाही.

आमचे सर आतून येऊन दोन मिनिटं उभे राहिले, “नवीन एफथ्री टाका, चेक घ्या,” म्हणाले आणि गेले. कायद्याने बरोबर होतं. पण खुर्ची ओढून बसले असते तर काय बिघडलं असतं?

त्या आठवड्यात एफथ्री गेलं. प्रायॉरिटी डेट जानेवारी २०२५. त्या वर्गात तेव्हा २०१० च्या आसपासचे अर्ज चालले होते. काकांनी बोटांवर मोजलं आणि विचारलं, निदान टुरिस्ट व्हिसावर तरी येईल का? अर्ज करता येईल, म्हटलं. पण तुमच्यासाठी कुणी इमिग्रंट पिटिशन टाकलंय का, असा प्रश्न त्या फॉर्मवर असतो. तिथे ‘हो’च लिहायचं, हे मी काकांना बजावलं आणि संध्याकाळी मुलीलाही फोन करून सांगितलं.