वाईच समजून घे

शनिवारची संध्याकाळची माझी कोरियनची बॅच म्हणजे बारा गावचं पाणी. गाण्यांच्या वेडापायी आलेल्या कॉलेजच्या मुली, रांजणगावला कोरियन साहेबांच्या हाताखाली काम करणारे दोन इंजिनिअर आणि शेवटच्या बाकावर काका. काका एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, मूळचे कराडकडचे. तीन मुली. मधलीनं कोरियन मुलाशी लग्न केलं, ती बुसानला असते. चार वर्षांची नात व्हिडिओ कॉलवर फक्त कोरियन बोलते. "नात काय म्हणती ते दर वेळी लेकीनं सांगायचं, बरं दिसत न्हाई," असं फी भरताना म्हणाले होते. कोरियन अक्षरं येऊ लागली तरी प्रत्येक शब्द आधी देवनागरीत लिहितात. मी रागावते, ते हसतात आणि पुन्हा देवनागरीतच लिहितात.

त्या दिवशी 'जाना' शिकवायचं होतं. वाक्याच्या शेवटी लागणारा हा तुकडा इंग्रजीतून समजावताना पुस्तकं अर्धं पान खर्च करतात. आपल्याकडे त्याला सरळ 'ना' आहे. 'तुला सांगितलं होतं ना' मधला 'ना'. उदाहरण म्हणून 'रिप्लाय १९८८' या मालिकेच्या पहिल्या भागातला एक प्रसंग लावला.

मालिका जुनी आहे. टीव्हीएन या केबल वाहिनीवर नोव्हेंबर २०१५ ते जानेवारी २०१६ या काळात तिचे २० भाग दाखवले गेले. शेवटच्या भागाचं रेटिंग १८.८ टक्के होतं, केबलसाठी तेव्हा न ऐकलेला आकडा. सोलमधल्या सांगमुनदोंग भागातली एक गल्ली आणि तिथली पाच घरं, एवढाच पसारा. पुढं पुढं 'नायिकेचा नवरा कोण' या कोड्यात ती उगाच घोळवत बसते, हे माझं मत आहे आणि त्यावरून मुली माझ्याशी भांडतात. पण पहिल्या भागात संध्याकाळी जेवणाच्या वेळी पोरं एका घरातून दुसऱ्या घरात वाडगे पोचवत पळतात तो प्रसंग बघा. एक पदार्थ देऊन यावं तर तिथून दुसरा हातात मिळतो आणि शेवटी एक मुलगा वैतागून म्हणतो, मग सगळे एकत्रच का नाही जेवत? शेजारणीचं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही हे आमच्या आईला कुठल्या कोरियन बाईनं शिकवलं नव्हतं.

मी लावलेला प्रसंग त्याच भागातला. दोकसन ही मधली मुलगी. थोरल्या बहिणीचा वाढदिवस तिच्या आधी काहीच दिवस, म्हणून दर वर्षी एकाच केकवर दोघींचं उरकतात. या वर्षी ती फुटते. अंडं ताईला आणि धाकट्याला, मला का नाही? कोंबडीची तंगडी त्यांना, मला पंखच का? बाप बँकेत नोकरीला, पण मित्राला जामीन राहिला आणि पगार कर्जात जातो, म्हणून सगळे दुसऱ्याच्या घराच्या तळघरात राहतात. रात्री तो बाप छोटासा केक घेऊन गल्लीत लेकीशेजारी बसतो आणि माफी मागतो.

व्हिडिओ थांबवला आणि 'जाना' राहिलं बाजूला. पोरींची गाडी सुटली. "आमच्याकडे साय दादाला." "माझा प्रत्येक फ्रॉक ताईचा उतरलेला." एक इंजिनिअर, एरवी तोंडातून शब्द न काढणारा, म्हणाला, "मी धाकटा. मला सगळं मिळालं. आता तेच ऐकून घेतो." हशा झाला. काका हसले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "जामीन कितीला राहिला होता तो?" मालिकेत आकडा सांगितल्याचं मला आठवेना.

मग मी म्हटलं, आता इंग्रजी नको, बापाचं बोलणं मराठीत आणा. एकीनं वाचलं, "बाबा काही जन्मल्यापासून बाबा नसतो ना. बाबाचीही बाबा व्हायची ही पहिलीच वेळ." 'ना' बरोबर जागी पडला होता, मी खूश. पुढचं वाक्य मात्र अडलं. 'च्योक्का' हा शब्द तिच्या पुस्तकात नव्हता. नसणारच, तो बाप जोल्ला प्रांतातली बोली बोलतो आणि परीक्षेला सोलची भाषा लागते. मी फळ्यावर लिहिलं, 'थोडंसं'.

"वाईच," शेवटच्या बाकावरून आलं.

सगळे वळले.

"तवा वाईच समजून घे गं बाय. असं म्हनंल त्यो. सोलचा न्हाई ना त्यो, गावाकडचा हाय."

मी 'थोडंसं' पुसलं. हा प्रसंग मी आजवर पंधरावीस बॅचेसना दाखवला असेन. दर वेळी प्रत्यय शिकवले, उच्चार घासून घेतले आणि त्या बापाच्या तोंडी पुण्याची मराठी घालत राहिले.

वर्ग सुटला. काका जागेवरच. वही पुढं सरकवली. पूर्ण वाक्य देवनागरीत उतरवलेलं, 'उरी त्ताल' खाली 'आमची लेक' लिहून दोन रेघा मारलेल्या.

"मॅडम, हे शेवटचं. प्वाज्वॉ. समजून घे. यात मागं यो लावायचं का?"

यो लावलं की बोलणं आदराचं होतं, हे आम्ही दुसऱ्याच आठवड्यात केलं होतं. "नाही काका. बाप मुलीशी बोलतोय. यो लागत नाही."

"लावलं तर चुकीचं व्हतं का?"

"चुकीचं नाही. पण घरच्या माणसाला जरा परकं वाटेल."

ते गप्प बसले. खालून सोसायटीतल्या पोरांचा क्रिकेटचा आरडाओरडा येत होता. मला पुढची बॅच होती, मी फळा पुसायला घेतला.

"मधलीच हाय ती बी," ते म्हणाले. "लग्नाला आमी गेलो न्हवतो."

मी डस्टर खाली ठेवलं. "काका, तिला मराठी येतं की. मराठीतच म्हणा."

"मराठीत जीभ उचलंना, मॅडम. लई येळा धरलाय फोन."

त्यांनी पेन उघडलं. 'प्वाज्वॉ'च्या मागं जागा कमी होती, म्हणून 'यो' वरच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, आणि मला म्हणाले, "एकदा म्हनून दावा. सावकाश."

मी म्हणून दाखवलं. त्यांनी माझ्यामागून म्हटलं. 'प्वा' जमेना, पुन्हा म्हटलं. दारात पुढच्या बॅचची मुलं येऊन उभी राहिली होती, त्यांना मी हातानंच थांबा म्हटलं.