काँगो-टिमनेह प्लेट: राखाडी हिरवट का दिसतोय?

माझ्या आफ्रिकन ग्रे पोपटांच्या प्लेटवर (चित्रपानावर) काँगो आणि टिमनेह असे दोन पक्षी आहेत. त्यातल्या काँगोची लाल शेपटी रंगवून झाली आणि अख्खा पक्षी हिरवट दिसायला लागला! मागच्या वेळी ज्या राखाडीचं तुम्ही कौतुक केलं होतंत, तोच हा राखाडी. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर तपकिरी, हिरव्याचा त्यात मागमूस नाही. सुकल्यावर जाईल म्हणून रात्रभर ठेवला, सकाळीही तसाच.

मग शेपटी कोऱ्या कागदाने झाकून पाहिली. अंग लगेच राखाडी. कागद काढला की परत हिरवट. म्हणजे रंगात खोट नाही, लालाच्या शेजाराची ही करामत. भडक लालाजवळचा उदासीन राखाडी डोळ्यांना हिरव्याकडे झुकलेला दिसतो, हे आपण सगळेच जाणतो. पण काँगोच्या बाबतीत ते जास्तच छळतं, कारण शेपटीला लागून असलेला पाठीचा भाग सगळ्यात फिकट असतो. सर्वांत नाजूक राखाडी नेमका सर्वांत भडक लालाला चिकटून.

चाचणीच्या तुकड्यांवर बरंच काही करून पाहिलं. पेन्स ग्रे या निळसर राखाडीने पक्षी निळा पडला. लॅम्प ब्लॅक या काळ्या रंगाने हिरवेपणा गेला, पण पिसांवरची ती पावडरी मऊ झाकही गेली. राखाडी पाटीसारखा सपाट दिसायला लागला. अंबरच्या जागी तांबूस बर्न्ट सिएना घेतला तेव्हा जरा बरं वाटलं, पण मानेवर तो फार उबदार होतो.

शेवटी चाललं ते सगळ्यात साधं: शेपटीचाच पिरॉल रेड, जवळजवळ पाणीच म्हणावं इतका पातळ करून, शेपटीलगतच्या पाठीवर आणि पोटाच्या मागच्या बाजूला एक थर. डोकं-मान अजिबात छेडली नाही. जवळून पाहिलं तर गुलाबी झाक कळते, हातभर लांबून मात्र स्वच्छ राखाडी. तो थर सुकताना पाहण्याचं सुख वेगळंच!

आता यातून टिमनेहचं गणित बदललं. बेत असा होता की तोच राखाडी दाट करून टिमनेहला वापरायचा. पण त्याची शेपटी मरून, बरीच दबलेली. ती शेजारच्या रंगाला इतकं ढकलत नाही. तिथे लाल थराची गरजच पडणार नाही बहुतेक. मरूनसाठी अलिझरिन क्रिमझन सुचवणाऱ्यांना नम्र नकार: अस्सल अलिझरिन उजेडात उडतो. पेरीलीन मरून पक्का आणि पारदर्शक आहे. आणि ज्या ट्यूबवर नुसतं ‘मरून’ लिहिलंय, पिगमेंटचा क्रमांक नाही, ती फुकट मिळाली तरी घेऊ नका. माझ्याकडची एक तपकिरी चिखल देते.

मानेवरच्या पिसांच्या फिकट कडा कागद राखूनच सोडल्या. मास्किंग फ्लुइड (रंग लागू नये म्हणून लावायचं रबरासारखं द्रव) हॉट प्रेस म्हणजे गुळगुळीत कागदाचा पृष्ठभाग उचलतं, त्यामुळे माझा त्याला कायमचा रामराम.

जुन्या पुस्तकांत एकच जात असताना दोन पूर्ण पक्षी कशाला, असं तुमच्यापैकी कुणी विचारलं होतं. टिमनेहचं वर्णन प्राणिशास्त्रज्ञ फ्रेझरने 1844 मध्येच केलं होतं. नंतर तो बराच काळ उपजात मानला गेला आणि 2012 मध्ये बर्डलाइफ या पक्षिसंवर्धन संस्थेने त्याला स्वतंत्र जातीचा दर्जा दिला. प्लेटवर दोघं निम्म्या मापात आहेत: काँगो साधारण 33 सेंटिमीटरचा, टिमनेह 28च्या आसपास. हा फरक आकड्यांत किरकोळ वाटतो, कागदावर ठसठशीत दिसतो. ‘घाना ग्रे’, ‘कॅमेरून ग्रे’ ही विक्रेत्यांची लेबलं आहेत, त्यांना जागा नाही.

तिसरा पक्षी, आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावरचा, रद्द. 1909 मध्ये त्याला वेगळी उपजात म्हटलं गेलं, पण आता तो सहसा काँगोतच धरतात. शिवाय गडद राखाडीवर भडक लाल म्हणजे पुन्हा तीच डोकेदुखी.

आणि हे लिहिता लिहिताच सुचलं: मोकळ्या झालेल्या मधल्या जागेत प्रदेशांचा छोटा नकाशा टाकला तर? दोघांच्या प्रदेशांची सीमा आयव्हरी कोस्टमध्येच येते, म्हणजे तपशिलाला वाव आहे. फिक्या पिवळसर कागदी रंगात केला तर काँगोचा लाल टिमनेहच्या राखाडीपासून लांबही राहील. मग कोपऱ्यातल्या डोळ्यांच्या चौकटी (पिल्लाचा गडद, प्रौढाचा फिकट पिवळा) खाली सरकवाव्या लागतील.

पुढे टिमनेहची चोच. वरचा भाग शिंगासारखा गुलाबट, टोक काळं, आणि ती सीमारेषा नेमकी कशी विरते हे माझ्याकडच्या फोटोंत नीट दिसत नाही. सावलीत, ग्रे कार्ड (रंग जुळवण्यासाठीचं राखाडी कार्ड) शेजारी ठेवून काढलेले बाजूचे फोटो कुणाकडे असतील तर पाठवा. फ्लॅशचे नकोत.